इत्यादी आणि इतर

माणूस नोकरीतून निवृत्त झाला, की त्याच्या अंगच्या गुणांचा नातेवाइकांना एकाएकी साक्षात्कार होतो. तो नोकरीत असताना ज्या कामाकडे पाहून ते "एवढ्याचा पगार देतात?" असं विचारीत असत, तेच काम फुकट करून द्यायला त्याच्याइतका लायक माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही, असं ते त्याला पटवून देतात. आमच्या शेजारचे एक गृहस्थ विजेच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या इमारतीतला अंधार त्यांच्या मालकीचा झाला. माझ्यावर असा प्रसंग यायचा नाही, अशी माझी खात्री होती. मी ग्रंथालयात होतो, आणि पुस्तकांना वर्गांक देणं हे माझं काम. वर्गांक देण्याइतकी पुस्तकं हल्ली कुणाच्या घरात नसतात, त्यामुळे मी सुरक्षित होतो.

पण एका रविवारी पुतण्या आला. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा घेतले, आणि मग म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर पुस्तकं लावलीत ना?"

"लावली."

"मग एवढं लावून द्या ना."

"काय आहे?"

"ॲड-ऑन्स. टेक्स्ट एडिटरची."

"किती?"

"चारशे बारा," असं म्हणून त्याने चहाचा कप तोंडाला लावला. चारशे बारा हा आकडा उच्चारल्यावर तोंड झाकून घ्यावं, एवढी सभ्यता त्याच्यात आहे.

एडिटर म्हणजे संपादक, ही माझी जुनी समजूत. आपण पाठवलेल्या मजकुरातला निम्मा कापून उरलेला निम्मा पुढच्या महिन्यात छापणारा माणूस, तो संपादक. पुतण्याचा एडिटर त्या मानाने फारच सालस निघाला. तो मजकूर मुळीच कापत नाही. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची ती एक कोरी पाटी आहे, एवढंच. पण या पाटीला हव्या तेवढ्या जोडण्या लावता येतात. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका संपली की आपण पुरवण्या मागायचो आणि दोऱ्याने बांधायचो, तशातला प्रकार. म्हणून मी त्यांना पुरवण्याच म्हणतो. मूळ पेपर जेमतेम भरून पुरवण्यांवर जोर देणारे विद्यार्थी आमच्या वेळीही होते. ते सगळे पुढे प्रोग्रॅमर झाले असावेत.

या पुरवण्या काय काय करतात, ते ऐकून मी थक्क झालो. एक पुरवणी वेगवेगळ्या शब्दांना वेगवेगळे रंग देते. दुसरी, उघडलेला कंस बंद केला आहे की नाही ते पाहते. तिसरी वेड्यावाकड्या ओळी सरळ लावून देते. चौथीमुळे कळ दाबली की जुन्या टाइपरायटरसारखा खटखट आवाज येतो. म्हणजे पूर्वी जो आवाज बंद करण्यासाठी माणसं साहेबाकडे तक्रार करीत, तो आता मुद्दाम लावून घेतात. आणखी एक पुरवणी आहे, ती प्रत्येक ओळ कुणी आणि कोणत्या तारखेला लिहिली ते दाखवते. ज्या आज्ञेच्या जोरावर ती हे करते, तिचं नावच मुळी 'ब्लेम'. म्हणजे दोष कुणाचा, ते सांग. आमच्या कचेरीत हे काम माणसंच करीत, आणि त्यासाठी त्यांना कुठलीही पुरवणी जोडावी लागत नसे.

पुतण्याच्या ऑफिसात ज्याला जी पुरवणी आवडली ती त्याने एका सामाईक यादीत टाकून दिली होती. यादी वाढत गेली. आता नवीन माणूस आला की त्या चारशे बारांच्या गर्दीत त्याला हवं ते सापडेना. म्हणून कप्पे पाडायचे होते. प्रत्येक पुरवणीचं नाव आणि ती काय करते याची एक ओळ, एवढं माझ्या हाती देऊन पुतण्या गेला.

पहिल्या दिवशी मी जोरात होतो. तीस वर्षं हजारो पुस्तकं लावलेल्या माणसाला चारशे बारा म्हणजे काय! मी वहीत आठ कप्पे आखले: रंगरूप, भाषा, चुका शोधणाऱ्या, मजकूर नीट लावणाऱ्या, इतिहास ठेवणाऱ्या, कळफलक, गंमत आणि शेवटी, अर्थातच, इतर. दुपारी जेवणापर्यंत नव्वद पुरवण्या घरी पोचवल्या आणि जेवून झोपलो. झोपेतून उठलो तो एका कंसाने मला अडवलं.

झालं होतं असं की, एक पुरवणी कंसांना जोडी-जोडीने रंग देत होती. आता ही 'रंगरूपा'त घालायची, की 'चुका शोधणाऱ्यां'त? रंग लावते हे खरं. पण ते सुंदर दिसावं म्हणून नव्हे, चूक कळावी म्हणून. नवरीला लावतात ती हळद आणि खोकल्याला दुधातून देतात ती हळद, दोन्ही हळदच. मग हळद प्रसाधनात घालावी की औषधात? स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "हळद मिसळणाच्या डब्यात असते." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ते करायला नको होतं, हे पुढे कळलं.

ही अडचण मला नवीन नव्हती. आमच्या ग्रंथालयात एकदा आंब्यावरचं एक पुस्तक आलं. पूर्वार्धात लागवड, उत्तरार्धात लोणची, मुरंबे आणि साखरांबा. मेल्विल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली जगातल्या सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडून ठेवले आहेत. त्यात शेती ६३० मध्ये बसते आणि स्वयंपाक ६४१ मध्ये. पुस्तक एकच, आणि एका पुस्तकाला एकाच वेळी दोन फळ्यांवर उभं राहता येत नाही. मी ते शेतीत ठेवलं. परिणाम असा झाला, की पुढे कित्येक वर्षं साखरांब्याची कृती फक्त बागाईतदार वाचीत राहिले. त्यांच्यापैकी कुणी साखरांबा केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या आधीच्या लोकांनी काय केलं ते पाहावं, म्हणून मी पुतण्याकडून थोडी माहिती काढली. व्हिम नावाचा एक एडिटर १९९१ साली ब्रॅम मूलेनार यांनी लोकांच्या हाती दिला. त्याच्यासाठी लोकांनी लिहिलेल्या पुरवण्यांच्या अधिकृत यादीत सात प्रकार आहेत: रंगसंगती, फाइलींचे प्रकार, खेळ, ओळीचा समास, व्याकरण, उपयुक्त आणि ठिगळ. यातला 'उपयुक्त' हा प्रकार मला फार आवडला. एका कप्प्यावर 'उपयुक्त' अशी पाटी लावली की बाकीच्या सहा कप्प्यांविषयी आपलं मत न बोलताच नोंदलं जातं. लग्नातल्या अहेराची मांडणी अशी करून पाहावी, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

ईमॅक्स नावाचा एडिटर याहून जुना, १९७६ सालचा. त्यात पुरवणी लिहिणाऱ्याने स्वतःच मथळ्याजवळ विषयाचे शब्द लिहायचे अशी पद्धत आहे. त्यात 'डॉक्टर' नावाचा एक प्रकार आहे. काम करून वैतागलेल्या माणसाने आपल्या मनातलं त्यात लिहावं आणि त्याने मानसोपचारतज्ज्ञासारखे उलट प्रश्न विचारावेत. जोसेफ वायझेनबाऊम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाचा असाच बोलणारा प्रोग्रॅम लोकांपुढे आणला होता, त्याचीच ही आवृत्ती. आता डॉक्टर कुठे ठेवावा? औषधोपचारात? संभाषणात? तर तो ठेवला आहे खेळांत. काही डॉक्टरांचा अनुभव घेतल्यावर हे वर्गीकरण अगदीच चुकीचं आहे, असं मला म्हणवत नाही.

पुतण्या स्वतः वापरतो तो व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा अलीकडचा, २०१५ सालचा. त्यातही पुरवणीचा लेखकच आपले वर्ग सांगतो. एकाहून जास्त सांगितले तरी चालतात. वर शोधायला सोपं जावं म्हणून तीसपर्यंत शब्द जोडता येतात. आणि ठरलेल्या वर्गांच्या यादीत 'इतर' हाही एक वर्ग आहेच.

"मग तुम्हीही टॅग लावा ना काका," पुतण्या फोनवर म्हणाला. "कप्पा एक, टॅग कितीही."

टॅग म्हणजे खुणेची चिठ्ठी. ही कल्पना ऐकून मला आमच्या शास्त्रातले थोर पुरुष एस. आर. रंगनाथन आठवले. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक, मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल केलं. लंडनमध्ये एका दुकानात त्यांनी मुलांचा मेकॅनो पाहिला. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू, पण जोडाल तशी वस्तू तयार होते. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, हे त्यांच्या डोक्यात आलं आणि १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती छापून निघाली. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ अशा पाच अंगांनी विषय पाहायचा आणि मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं देऊन जोडायचा. टॅगची कल्पना काढणाऱ्यांना रंगनाथन माहीत होते की नव्हते, कुणास ठाऊक. मला मात्र घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी टॅग लावीत सुटलो. आठवड्याने मोजले, तर पुरवण्या चारशे बारा आणि टॅग नऊशेच्या वर. 'रंग' होता, 'रंगीत' होता, 'कलर' होता, 'कलर-थीम' होता आणि नुसती 'थीम'ही होती; पाचांचा अर्थ एकच. लेखकांनी स्वतः लावलेले टॅग पाहिले तर ते वेगवान, सोपे, सुंदर, हलके, आधुनिक. वधूवरांच्या जाहिरातींत सगळ्या मुली जशा सुस्वरूप, मनमिळाऊ आणि गृहकृत्यदक्ष असतात, तशा सगळ्या पुरवण्या वेगवान आणि हलक्या. सगळ्यांनाच लागू पडतं ते विशेषण कुणालाच शोधून देत नाही. म्हणजे कप्पा माणसाला कोंडून घालतो, आणि टॅग मोकाट सोडले तर बाजार भरतो. मी अर्धे टॅग पुसले आणि पुन्हा कप्प्यांकडे वळलो.

या सगळ्या खटाटोपात 'इतर' हा कप्पा शांतपणे भरत होता. त्यात त्र्याहत्तर पुरवण्या जमल्या होत्या. एका अर्थी तो माझा सर्वांत यशस्वी कप्पा. त्यात घातलेली एकही वस्तू चुकीच्या जागी आहे, असं कुणालाही सिद्ध करता आलं नसतं.

'इतर'ला परंपराही मोठी आहे. अमरसिंहाने आपल्या कोशात स्वर्गापासून सुरुवात केली. काळ, नाट्य, पाताळ, पाणी, भूमी, पर्वत, वनौषधी, सिंह, माणूस असे वर्ग लावीत आला, आणि तिसऱ्या कांडात त्यालाही एक 'संकीर्ण'वर्ग काढावा लागला. ड्यूईसाहेबांनी धर्माला २०० ते २९९ अशी शंभर घरं दिली. त्यातली बहुतेक बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांनी व्यापली, आणि जगातले बाकी सगळे धर्म २९० या एका बिऱ्हाडात, 'इतर धर्म' म्हणून. तिथे आपला हिंदू धर्म २९४.५ वर राहतो. तेहतीस कोटी देव, आणि पत्ता दशांशचिन्हाच्या पलीकडचा! ड्यूई दुष्ट होता असं नाही. तो जिथे उभा होता, तिथून जे जवळ दिसलं त्याला त्याने खोल्या दिल्या आणि जे लांब दिसलं त्याला एक ओसरी दिली. 'इतर' हा वस्तूचा गुण नसतोच. लावणारा कुठे उभा आहे, एवढंच त्यातून कळतं.

पण ही तत्त्वज्ञ बुद्धी मला तेव्हा सुचली नव्हती. तेव्हा मला फक्त एवढं आठवलं, की 'कॅटेगरी' या शब्दाचं मूळ ग्रीक आहे आणि त्याचा पहिला अर्थ आरोप असा होता. चौकात उभं राहून एखाद्यावर चारचौघांदेखत केलेला आरोप. ॲरिस्टॉटलने तो शब्द उचलला, त्याचे दहा पदार्थ केले आणि तेव्हापासून आरोप करणाऱ्यांना विद्वान म्हणू लागले. आरोप हा अर्थ वाटतो तितका जुनाही झालेला नाही. आपल्याच देशात १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' या कप्प्यात घातल्या. पाळण्यातल्या पोरालाही त्याच कप्प्यात जन्म. तो कायदा १९५२ साली गेला, माणसं 'विमुक्त' झाली. पण गावात चोरी झाली की पहिली चौकशी कुणाकडे होते, ते विचारून पाहावं. चिठ्ठी काढली तरी तिचा डिंक राहतो.

आपलं काम इतकं जोखमीचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पुरवण्यांना पाळण्यात पोरं नसतात. यादी पुतण्याला देऊन टाकली. त्याने ती ऑफिसात लावली, सगळ्यांनी वाखाणली असं सांगितलं, आणि मी पुन्हा निवृत्त झालो.

तीन महिन्यांनी पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "काका, ती सूर वाजवणारी पुरवणी तुम्हीच 'गंमत'मध्ये घातली होती का?"

मला चांगली आठवत होती. 'ओळ आत-बाहेर सरकली की वेगवेगळा सूर वाजवते,' एवढीच तिची माहिती होती. मी ती टाइपरायटरच्या खटखटीशेजारी ठेवली होती. ठेवताना हसलोही होतो, की हे लिहिणाऱ्याला दुसरा काही उद्योग दिसत नाही.

पुतण्याने मग समजावून सांगितलं. पायथन नावाची एक भाषा आहे. तिच्यात ओळ डावीकडून किती आत सरकवली आहे, यावर प्रोग्रॅमचा अर्थ ठरतो. डोळ्यांना ते एका नजरेत दिसतं. पण त्यांच्याकडे नवीन आलेला एक इंजिनियर दृष्टिहीन आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून तो काम करतो. "चार स्पेस, आठ स्पेस, बारा स्पेस" असं दर ओळीला ऐकत बसायचं, तर प्रोग्रॅमपेक्षा रिकाम्या जागाच जास्त ऐकाव्या लागतात. त्याऐवजी सूर वर गेला की ओळ आत गेली, सूर खाली आला की बाहेर आली. हार्मोनियमवर बोट ठेवावं इतकं सोपं. कुणीतरी नेमक्या अशाच माणसासाठी ती पुरवणी लिहिली होती.

"मग त्याला ती सापडली नाही?"

"नाही ना. आपण यादीवरून नजर फिरवतो काका. त्याला सगळं ऐकावं लागतं. म्हणून तो आधी नुसते मथळे ऐकतो आणि नको तो कप्पा ओलांडून पुढे जातो. 'गंमत' त्याने पहिल्याच दिवशी ओलांडला. कामाच्या गडबडीत गंमत कोण ऐकत बसणार?"

मी काही बोललो नाही. माझे कप्पे डोळसांना सोयीचे होते, इतकंच. चुकलेला कप्पा त्यांच्या नजरेने सहज भरून काढला असता. ज्या एका माणसाचा सारा भरवसा मथळ्यावर होता, त्यालाच मी चुकीचा मथळा दिला होता. तीन महिने तो रिकाम्या जागा मोजत होता, आणि उत्तर त्याच्याच ऑफिसच्या यादीत, टाइपरायटरशेजारी, पडून होतं.

"रागावला का रे तो?"

"छे. त्याने फक्त विचारलं, की ही 'गंमत'मध्ये कुणी घातली."

हा प्रश्न मला रागापेक्षा जास्त लागला. कारण त्याचं उत्तर यादीत कुठेच नव्हतं. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला 'ब्लेम' आहे. कोणती ओळ कुणी बिघडवली ते मिनिटात कळतं. पण वस्तू कप्प्यात घालणाऱ्याचं नाव कुठेही लिहिलेलं नसतं. ते ग्रंथालयात नव्हतं, ड्यूईच्या बिऱ्हाडात नव्हतं, माझ्या वहीतही नव्हतं. आरोप चौकात केलेला असतो, आणि आरोप करणारा घरी जेवून झोपलेला असतो. तीस वर्षांत मी अशी किती पुस्तकं कुठे कुठे निजवली असतील, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. त्यांचे वाचक येऊन, फळीवर हात फिरवून, परत गेले असतील. पुस्तक न मिळालेला माणूस तक्रार करीत नाही. असं पुस्तक असतं, हेच त्याला माहीत नसतं.

सकाळी स्वयंपाकघरात गेलो. सौ. फोडणी करीत होती. मिसळणाचा डबा उघडा होता. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, मेथी, आणि मधोमध चमचा. एकाही वाटीवर चिठ्ठी नव्हती.

"तू हे कसं लावतेस?" मी विचारलं.

"लावायचं काय त्यात? तेल तापल्यावर हात जिथं जातो, तिथं ते असतं."

"पण हळद औषध आहे, प्रसाधन आहे..."

"असेल. म्हणून थोडी देवघरात ठेवली आहे, थोडी औषधांच्या पेटीत. ज्याला हवी असेल त्याने आपल्या जागी घ्यावी. आता बाजूला व्हा, मोहरी उडेल."

ड्यूई आणि रंगनाथन यांचा तीस वर्षं अभ्यास केलेला माणूस मोहरी उडायच्या आत बाजूला झाला. वस्तू काय आहे, हे मी विचारीत बसलो होतो. ती कोण शोधणार आहे आणि त्याचा हात कुठे जाईल, हे मी विचारलंच नव्हतं.

पुतण्याकडून मी वही परत मागवली. आता प्रत्येक पुरवणीपुढे मी एकच प्रश्न लिहिला: ही कुणाला लागेल, आणि तो ती कोणत्या नावाने हाक मारील? ज्याचं उत्तर येईना, ते पुतण्याला विचारलं. त्याला येईना, ते वापरणाऱ्याला विचारायला लावलं. त्र्याहत्तरांपैकी चौपन्न पुरवण्या 'इतर'मधून उठून आपापल्या घरी गेल्या. त्यांच्यात तऱ्हेवाईक असं काही नव्हतंच. मीच त्यांना नीट नाव विचारलं नव्हतं. शेवटी मी एक अट घातली, की प्रत्येक नोंदीपुढे ती कप्प्यात कुणी घातली त्याचं नाव आणि तारीख हवी. दोष द्यायला सोपं जावं म्हणून नव्हे. निदान विचारायला कुणीतरी असावं म्हणून. चारशे बारा वेळा माझं नाव छापून आलं. एवढी प्रसिद्धी मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

त्या इंजिनियरशी पुतण्याने मला फोनवर बोलू दिलं. मी क्षमा मागायची तयारी करून बसलो होतो. म्हटलं, "तुमची ती पुरवणी मी 'गंमत'मधून काढून 'मजकूर नीट लावणाऱ्यां'त घातली आहे. 'ऐकून काम करणाऱ्यांसाठी' असा टॅगही लावला आहे."

"बरं झालं काका," तो म्हणाला. "पण 'गंमत'चा टॅगही राहू द्या. कधीकधी कंटाळा आला की मी मुद्दाम ओळी आत-बाहेर करून त्यावर गाणं वाजवतो. गंमत नाही असं कुठे आहे?"

म्हणजे चूक सुधारताना मी आणखी एक चूक करणारच होतो. काम आणि गंमत हे दोन वेगळे कप्पे आहेत, आणि दृष्टिहीन माणसाला दिलेली वस्तू पहिल्याच कप्प्यातली असली पाहिजे, असं मी त्याला न विचारता पुन्हा ठरवून टाकलं होतं. टॅग ठेवला.

राहता राहिल्या एकोणीस. त्या मला खरोखरच कळल्या नाहीत. मी त्या कप्प्याचं 'इतर' हे नाव खोडून 'लावणाऱ्याला न कळलेल्या' असं लिहिलं. पुतण्या म्हणाला, "काका, असं कुठे असतं का? ऑफिशियल दिसत नाही ते." बहुधा त्याने माझ्या मागे ते पुन्हा 'इतर' करून टाकलं असेल. पण केलं असेल, तर त्याच्या नावाने आणि तारखेने.

परवा बँकेत गेलो होतो. दर काही वर्षांनी आपण जिवंत कोण आहोत ते त्यांना नव्याने सांगावं लागतं. फॉर्मवर 'व्यवसाय' असं लिहून पुढे चौकोन होते: नोकरी, व्यापार, शेती, गृहिणी, विद्यार्थी, इतर. निवृत्ताला चौकोन नव्हता. मी 'इतर'वर खूण केली. तिथलं राहणीमान मला आता परिचयाचं आहे. मग लक्षात आलं, की त्या चौकोनापुढे बारीक अक्षरात 'तपशील द्यावा' असं छापलं आहे आणि एक टिंबांची रेघ ओढली आहे. आयुष्यात शेकडो फॉर्म भरले, पण या रेघेकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. ज्याला आपल्याकडे जागा नाही, त्याला निदान दोन शब्द बोलू द्यावेत, एवढा विचार कुठल्या तरी कारकुनाने कधीतरी केला होता. मी चारशे बारांची व्यवस्था लावली, पण अशी एक रेघ ओढायचं मला सुचलं नव्हतं.

खिडकीतला मुलगा म्हणाला, "काका, ते रिकामं सोडलं तरी चालतं."

"असू दे," म्हटलं, आणि लिहायला लागलो. रेघ लहान होती. 'पूर्वी पुस्तके लावीत असे, अलीकडे पुरवण्या' एवढं लिहून होईपर्यंत मी समास ओलांडून पलीकडच्या चौकोनात शिरलो होतो.